मुख्य फोल्डरची मालकी

मला लोक उद्धट म्हणतात. म्हणोत बापडे. मी जिनत तांबोळी. नारायण पेठेतल्या एका तपासणी लॅबमध्ये अकरा वर्षं कॉम्प्युटरचं सगळं बघते. सगळं म्हणजे सर्व्हर, नेटवर्क, पासवर्ड विसरलेली माणसं आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद. कागद काढायला खरं तर माझी गरज नसते, पण हात काळे करून घ्यायची बाकी कुणाची तयारी नसते.

आमची लॅब कारखान्यांत जाऊन आरोग्य तपासणीचे कॅम्प घेते. या वर्षी हडपसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचं काम पहिल्यांदाच आमच्याकडे आलं. एकशे शहाऐंशी कामगार, बहुतेक कंत्राटी. रक्त, डोळे, छातीचा एक्स-रे आणि कान. तिथे कान फार महत्त्वाचे, कारण तिथे प्रेस शॉप आहे. एका शेडमध्ये पत्रा दाबणारी दहा-बारा अवाढव्य मशीनं दिवसभर आपटत असतात. मी दारात दोन मिनिटं उभी राहिले तर दात कडकडायला लागले.

मी टेबलावर बसून नावं उतरवून घेत होते. तिथे मला हिरा भेटली. हिरा गायकवाड, राहणार विश्रांतवाडी, वय अडतीस, प्रेस शॉपमध्ये सहा वर्षं. कानाची तपासणी करून ती परत माझ्या टेबलाशी आली. मागे रांग होती, तरी ती हलेना.

"मॅडम, हा कानाचा रिपोर्ट कुणाकडं जातो?"

"कंपनीच्या डॉक्टरांकडे."

"एचआरच्या साहेबांकडं नाही ना?"

"त्यांच्याकडे फक्त दाखला जातो. कामाला योग्य की अयोग्य, एवढाच. बाकी काही नाही."

"गेल्या वर्षी दुसरी लॅब होती. तेव्हाही असंच सांगितलेलं," ती म्हणाली. "आमच्यातल्या चौघींना कमी ऐकू येतं असं निघालं. महिन्याभरात बरोब्बर त्या चौघींचंच कंत्राट संपलं. बाकी सगळ्यांचं पुढं चालू. कान गेले ते गेले, वर काम पण गेलं. माझ्या घरात मी एकटीच कमावते, मॅडम."

मागचा माणूस चुळबुळायला लागला. मी हिराला म्हटलं, "आमच्याकडून तुमचा रिपोर्ट त्यांच्या हाती लागणार नाही. शब्द देते."

शब्द देताना मी फारसा विचार करत नाही. पण दिला की त्यासाठी कुणाशीही भांडायची माझी तयारी असते.

बुधवारी मी सर्व्हरवर त्या कंपनीसाठी जागा तयार केली. हे काम मला आवडतं. बाहेरचा माणूस फायली घ्यायला आपल्या सर्व्हरवर येतो, तेव्हा त्याला सगळीकडे हिंडू द्यायचं नसतं. त्याला एक खोली द्यायची. आत आला की त्याच्या दृष्टीने तेवढंच जग. त्या खोलीला मी 'मुख्य फोल्डर' म्हणते. त्यात दोन कप्पे केले. एक 'दाखले', तो एचआरला उघडता येईल. दुसरा 'तपशील', तो फक्त कंपनीच्या डॉक्टरांना. त्यांचं नाव डॉ. बुद्धभूषण वाघमारे, ते मंगळवारी आणि शुक्रवारी कारखान्यात येत. दोघांना वेगवेगळं लॉगिन, पण खोली एकच.

यात एक नियम असा की, ज्याला त्या खोलीत ठेवायचं त्याच्या नावावर खोली करायची नाही. खोलीची मालकी रूटकडे हवी. रूट म्हणजे कुणी माणूस नाही, सर्व्हरचा सर्वाधिकारी. पाहुण्याच्या नावावर खोली केली तर तो आत बसून भिंती हलवू शकेल, म्हणून सर्व्हर त्याला दारातच अडवतो. पासवर्ड बरोबर असला तरी आत घेत नाही. मला हा नियम फार न्यायाचा वाटतो.

एकशे शहाऐंशी रिपोर्ट मी तपशिलाच्या कप्प्यात टाकले. एकही उघडून वाचला नाही. अकरा वर्षांत हजारो लोकांची दुखणी माझ्या हातून गेली असतील, पण दुसऱ्याची फाईल उघडायची नाही हे माझं व्रत आहे, आणि त्याचा मला भलताच अभिमान होता.

गुरुवारी सकाळी फोन आला. कंपनीच्या एचआरचे आयुष सबनीस. तिशीचा माणूस, बोलण्यात आत्मविश्वास ठासून भरलेला.

"मॅडम, मला डिटेल्सचं फोल्डर ओपन होत नाहीये. अॅक्सेस डिनाइड येतंय."

"बरोबर येतंय," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे ते तुमच्यासाठी नाही. आपल्या करारात लिहिलंय. तपशील फक्त डॉक्टरांना."

"मॅडम, टेक्निकॅलिटीज नकोत. कॅम्प आम्ही ऑर्गनाइझ केला, वर्कर्स आमचे, फोल्डरला नाव आमच्या कंपनीचं. आणि ओनर कोण दाखवतंय? रूट! हा रूट कोण?"

"तो आमच्याकडे बरीच वर्षं आहे."

"ते मला माहीत नाही. मेन फोल्डरची ओनरशिप एचआरच्या लॉगिनवर ट्रान्सफर करा. आज. मंडेला रिन्यूअलची लिस्ट फायनल करायचीये."

तर असं होतं. सोमवारी कंत्राटांची यादी पक्की होणार होती आणि त्याआधी साहेबांना कान बघायचे होते. माझं डोकं तापलं. मी शांतपणे म्हणाले, "लेखी पाठवा." मी शांतपणे बोलले की आमच्या लॅबमधले लोक आपापल्या कामाला लागतात.

दहा मिनिटांत ईमेल आली. 'मुख्य फोल्डरची मालकी आजच्या आज एचआरच्या नावावर करण्यात यावी.' बाहेरचं फोल्डर आपल्या नावावर झालं की आतले कप्पे आपोआप आपले, अशी त्यांची समजूत. मी उलट लिहिलं, 'असे केल्यास लॉगिन बंद पडू शकते. तरी करावे का?' उत्तर आलं, 'जस्ट डू इट.'

मग मी ते केलं. एक ओळ टाइप केली आणि खोली साहेबांच्या नावावर झाली. तपशिलाचं कुलूप जिथल्या तिथे, उलट आता साहेबांना दाखल्यांपर्यंतसुद्धा पोचता येणार नव्हतं. सर्व्हरच्या नोंदीत पाचच मिनिटांत पहिली ओळ उमटली. मालकी चुकीची, प्रवेश नाही. मग दुसरी, तिसरी, सातवी. साहेब दार ठोठावत होते. मी चहा मागवला आणि एकेक ओळ चवीने वाचली. खोटं कशाला बोलू, असा आनंद मला पगारवाढीलाही झाला नव्हता.

शुक्रवारी पुन्हा फोन. "मॅडम, आता तर काहीच ओपन होत नाहीये!"

"आपल्या सूचनेप्रमाणे केलंय. आधी लेखी कळवलंही होतं."

"मग पहिल्यासारखं करा ना!"

"करते की. मालकी परत रूटकडे द्यावी, असं लेखी पाठवा. यावेळी तुमच्या मॅनेजरची सही लागेल."

ते पाठवणार नाहीत हे मला ठाऊक होतं. आपण चुकलो असं मॅनेजरच्या सहीने कोण लिहून देतो? सोमवार आला, गेला. ईमेल नाही. यादी कान न बघताच पक्की झाली असणार, असं मी मनाशी धरलं आणि हिराला दिलेला शब्द पाळल्याच्या ऐटीत मंगळवारी कामावर आले.

अकरा वाजता काउंटरवरून आवाज चढलेले ऐकू आले. सुशीलाबाई आमच्या रिसेप्शनला. अकरा वर्षांत त्यांनी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. बाहेर येऊन पाहिलं तर समोर हिरा. कामावर न जाता दोन बस बदलून नारायण पेठेत आली होती.

"मॅडम, ह्या बाई माझाच रिपोर्ट मला देत नाहीत," ती मला म्हणाली. "मला या कानानं आता काहीच ऐकू येत नाही. चार दिवस झाले, नुसती शिट्टी वाजते. परवा लाइनवर मागनं ट्रॉली आली ती कळली पण नाही. मुकादमानं ओढलं म्हणून वाचले."

"अहो, मी तेच सांगतेय ना," सुशीलाबाई म्हणाल्या. "कॅम्पचा रिपोर्ट कंपनीमार्फत मिळतो. तुम्हीच तसं लिहून दिलंय." आणि त्यांनी हिराचा फॉर्म काउंटरवर ठेवला.

त्या फॉर्मच्या तळाशी दोन चौकोन असतात. 'अहवाल मला स्वतःला मिळावा' आणि 'अहवाल कंपनीमार्फत मिळावा'. दुसऱ्या चौकोनात खूण होती.

हिरा म्हणाली, "ही खूण मी नाही केली."

तिने केलीच नव्हती. ती मी केली होती. कॅम्पच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे मिळून गठ्ठेच्या गठ्ठे फॉर्म घेऊन बसतो आणि प्रत्येकावर दुसऱ्या चौकोनात खुणा करून ठेवतो. रांग लवकर सरकते, कुणी प्रश्न विचारत नाही. वर्षानुवर्षांची पद्धत. त्या फॉर्मवरची हिरवी शाई माझ्याच पेनाची होती, लॅबमध्ये हिरवं पेन मीच वापरते. ज्या बाईला मी तोंडाने शब्द दिला होता, तिचा हक्क एक दिवस आधीच माझ्या हाताने खोडून झाला होता.

मी आत जाऊन अकरा वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याची फाईल उघडली. कानाची तपासणी करणाऱ्या दीपालीने सगळ्यात वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'डाव्या कानात जुनी घट आहेच, त्यात अचानक मोठी भर पडलेली दिसते. दोन-तीन दिवसांत कानाच्या तज्ज्ञांना दाखवणे अत्यावश्यक. उशीर झाल्यास श्रवणशक्ती परत येणे कठीण.' तारीख बुधवारची. कॅम्पमध्ये निकाल तोंडी सांगायचा नाही असा करार असतो. म्हणून तिने ते डॉक्टर वाघमारेंसाठी लिहून ठेवलं. ते शुक्रवारी वाचणार आणि हिराला बोलावून घेणार.

शुक्रवारी डॉक्टर वाघमारेंना ते उघडताच आलं नव्हतं. त्यांची खोली तीच होती. सर्व्हरच्या नोंदीत त्यांचं नाव तीन वेळा होतं. साहेबांच्या ठोठावण्याच्या ओळी मी मजेत मोजत होते, त्यांच्या मधोमध डॉक्टरांच्या तीन ओळी होत्या, आणि मी त्या पाहिल्याच नाहीत. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं कारखान्याचं नेटवर्क गेलंय. म्हटलं आज मंगळवारी बघू."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. एका शहाण्या माणसाची जिरवण्यासाठी मी दार बंद केलं आणि आत हिराचा कान होता.

डॉ. शर्मिला देव आमच्या लॅबच्या मालकीण. साठीच्या, कमी बोलणाऱ्या. मी त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. फॉर्म, ईमेल, चहासुद्धा. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. आधी फोन उचलून ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांना सांगितलं की पेशंट रिक्षात बसतोय. मग माझ्याकडे वळल्या.

"जिनत, तू त्या माणसाला 'नाही' का नाही म्हणालीस?"

"मॅडम, त्याने लेखी दिलं आणि मी..."

"ते कळलं. तू शहाणपणा केलास. त्याचीच ओळ त्याच्या गळ्यात घातलीस आणि स्वतःचे हात स्वच्छ ठेवलेस. यापुढे शहाणपणा नको. सरळ उद्धटपणा कर. तो मला चालेल."

मी जागेवर येऊन खोलीची मालकी रूटकडे परत केली. एकच ओळ. कुणाची सही मागितली नाही. डॉक्टर वाघमारे लगेच आत आले, सगळे लाल शेरे वाचले आणि तासाभरात त्यांनी आणखी तीन कामगारांना शेडबाहेर काढलं. मग मी हिराचा रिपोर्ट छापला, तिच्या हातात दिला आणि तिला दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत मी तिला सांगितलं की हे माझ्यामुळे झालं. तिने रिक्षात दोनदा मला परत बोलायला लावलं, कारण मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी औषधं सुरू केली. म्हणाले, थोडं परत येईल, सगळं येईल असं वाटत नाही. चार दिवस आधी आली असती तर वेगळं बोललो असतो.

बुधवारी आयुष सबनीस स्वतः लॅबमध्ये हजर. शर्मिला मॅडमच्या केबिनमध्ये बसून त्यांनी फाईल उघडली. यादी पक्की झालीच नव्हती. कान बघितल्याशिवाय ती पुढे सरकत नव्हती, म्हणून शुक्रवारवर ढकलली होती. माझ्या चहाची एवढीच किंमत.

"मॅम, वुई आर व्हेरी डिसअपॉइंटेड," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत आम्हाला सगळे डिटेल्स पाहिजेत. नाहीतर पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट विसरा."

शर्मिला मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "परवानग्यांचं काम ही बघते. हिला विचारा."

ते माझ्याकडे वळले.

"नाही," मी म्हटलं.

ते थांबले. पुढे काहीतरी येईल, नियम, कलम, लेखी पाठवा वगैरे, याची वाट पाहत होते. मी काहीच जोडलं नाही.

"नाही म्हणजे? काही रीझन?"

"कान त्यांचे आहेत. तुम्हाला मिळणार नाहीत. आज नाही, उद्या नाही. पुढच्या वर्षीचा कॅम्प तुम्ही खुशाल दुसरीकडे न्या."

"मॅम, तुमच्या स्टाफचं बोलणं ऐकताय ना?"

"ऐकतेय," मॅडम म्हणाल्या. "स्वच्छ ऐकू येतंय. चहा घेणार?"

साहेबांनी चहा घेतला नाही.

ते गेल्यावर मी कोरे फॉर्म काढले. यावेळी एकाही चौकोनात खूण न करता. ते घेऊन विश्रांतवाडीला हिराच्या घरी गेले. हिराचे वडील तात्याराव दारात बसले होते, रेल्वेतून रिटायर झालेले. माझं ऐकून घेऊन म्हणाले, "फॉर्म तुम्ही वाटू नका. ही वाटेल. तुम्ही वाटलेत तर साहेब म्हणतील लॅबवाल्यांनी फूस लावली." हिराने गठ्ठा उचलून पिशवीत टाकला.

डॉक्टरांनी तिला आवाजापासून लांब राहायला सांगितलं होतं, म्हणून कामावर ती नव्हतीच. गुरुवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी आणि पुन्हा दुपारी पाळी बदलताना ती गेटबाहेरच्या टपरीशी उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला फॉर्म दिला आणि दोन्ही चौकोन वाचून दाखवले. संध्याकाळी तिने मला स्वतःचा धरून एकशे बारा फॉर्म आणून दिले. उरलेल्या चौऱ्याहत्तर जणांनी सही केली नाही. काहींनी घाबरून, काहींनी कटकट नको म्हणून. त्यांच्यासाठी मी काही करणार नव्हते. ज्याचं त्याने ठरवायचं.

शुक्रवारी, हिराचा रिपोर्ट सोडून उरलेली एकशे अकरा बंद पाकिटं दोन पिशव्यांत भरून मी आणि हिरा हडपसरला गेलो. तीन वाजता सकाळची पाळी सुटते आणि दुपारची आत जाते, तेव्हा गेटवर सगळे भेटतात. आम्ही गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. ती जागा कंपनीची नाही, हे मी आधी विचारून घेतलं होतं. मी नाव वाचायचं, माणसाने पुढे येऊन सही करायची, पाकीट घ्यायचं. मी सगळ्यांना बजावून सांगत होते की इथे उघडू नका, घरी नेऊन वाचा, कुणाला दाखवू नका. कुणाचा कान कसा आहे हे गेटवर कुणाला कळता कामा नये. हिराचं नाव तर मी घेणारच नव्हते. तिचा रिपोर्ट तिच्याकडे मंगळवारपासूनच होता.

तीस-पस्तीस पाकिटं वाटून झाली असतील, तेवढ्यात साहेब गेटमधून बाहेर आले. मागे दोन सिक्युरिटीवाले.

"हे काय चाललंय? हा कॉन्फिडेन्शियल डेटा आहे! मॅडम, कुणाच्या परवानगीने?"

मी सह्या केलेल्या फॉर्मचा गठ्ठा वर धरला. "ज्यांचा डेटा आहे त्यांच्या. एकशे बारा आहेत. मोजून घ्या."

"सगळ्यांनी ती पाकिटं परत करा!" ते रांगेकडे बघून ओरडले. "आत्ताच्या आत्ता. ज्यांच्याकडे सापडेल त्यांच्या रिन्यूअलचं मी बघतो."

रांग थिजली. एकाने पाकीट हळूच शर्टाच्या आत सरकवलं. दुसऱ्या एका पोरसवदा कामगाराने आपलं पाकीट परत माझ्यापुढे धरलं. मला वाटलं, झालं. आता मी कितीही आवाज चढवला तरी उपयोग नाही, कारण नोकरी माझी जाणार नव्हती.

हिरा माझ्या शेजारून पुढे गेली. तिने पिशवीतून स्वतःचा रिपोर्ट काढला, कागद उलगडला.

"हिराताई, नको," मी म्हटलं. तिचा कागद साहेबांपासून लपवायचा, यासाठीच तर हे सगळं केलं होतं. तिने ऐकलं नाही, किंवा तिला ऐकू आलं नाही.

"हिरा तात्याराव गायकवाड," तिने वाचायला सुरुवात केली. "प्रेस शॉप. सहा वर्षं. डावा कान, तीव्र घट. उजवा कान, मध्यम घट. कारण, कामाच्या जागेवरचा सततचा आवाज असण्याची दाट शक्यता." ती एकेक शब्द सुटा करून वाचत होती, शाळेत वाचतात तसा. "साहेब, तुम्हाला हाच कागद पायजे होता ना? घ्या. चोरून कशाला बघता? मीच सांगते. माझा कान तुमच्या मशीननं गेला. आता माझं कंत्राट बंद करायचं असेल तर करा. पण का बंद केलं, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक असेल."

साहेबांनी कागद घेतला नाही. हात मागे घेतला.

मी तिथे मूर्खासारखी उभी होते. तिचं गुपित सांभाळायचं म्हणून मी कुलपं घातली होती आणि तेवढ्यात माझी सगळी हुशारी संपली होती. ते गुपित उघड करायचं की नाही हे तिने ठरवायचं होतं, आणि तिने ते तीन वाजता, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर ठरवलं. मला तिची भीतीही वाटली आणि अभिमानही.

रांगेतून पाकीट फाडल्याचा आवाज आला. समाधान नावाचा उंचापुरा माणूस होता. "समाधान बनसोडे, प्रेस शॉप, नऊ वर्षं," तो वाचायला लागला. "दोन्ही कान, मध्यम घट." त्याचं संपायच्या आत तिसऱ्याने सुरू केलं. मग एका बाईने. काहींचे कान ठणठणीत होते, त्यांनीही वाचले. ज्या पोराने पाकीट मला परत द्यायला काढलं होतं, त्याने ते स्वतःकडे ओढून घेतलं. फाडलं मात्र नाही, खिशात ठेवलं. तेही मला बरं वाटलं.

डॉक्टर वाघमारे आतून आले आणि गेटशी उभे राहिले. शुक्रवार त्यांचा दिवस. त्यांनी वही काढली आणि ऐकू येईल ते नाव लिहून घ्यायला लागले.

साहेबांचा आवाज आता खाली आला होता. ते माझ्या अगदी जवळ आले.

"मॅडम, प्लीज. थांबवा ना यांना."

"मला तो अधिकार नाही," मी म्हटलं, आणि यादीतलं पुढचं नाव वाचलं.